तीन काड्यांचा पिझ्झा

नांदेडहून सुटलेली एसटी लोह्याच्या पुढं गेली आणि माझ्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण आपोआप वर उचललं. मी ते दाबून बसवलं. दहा मिनिटांनी त्यानं पुन्हा मान वर काढली. शेजारच्या आजीबाईंनी आधी डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काय हाय ओ त्याच्यात? जितं हाय का?"

"पीठ आहे, आजी. फुगून राहिलंय."

"मग डबा मोठा घ्यायचा की." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मास्तर हायसा का?"

कशावरून ओळखलं कोण जाणे, पण मी मास्तरच आहे. नववीला विज्ञान शिकवतो. यीस्टनं पीठ कसं फुगतं याची आकृती दरवर्षी फळ्यावर काढतो, रंगीत खडूनं. तेच पीठ घट्ट डब्यात भरून साडेतीन तास एसटीत हादरवलं तर काय होईल, हे मात्र मला अहमदपूरच्या स्टँडवर कळलं. तिथं झाकण खाली पडलं आणि पीठ माझ्या पँटवर आलं. आजीबाईंनी पिशवीतलं फडकं काढून दिलं. बाकीचा प्रवास मी ते पीठ आजारी लेकरासारखं फडक्यात धरून केला.

हा खटाटोप लातूरच्या दाजींसाठी होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आठवडाभरापूर्वी आक्काचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "आरं, ह्येंला पिझा खायचा म्हणतेत."

"पिझ्झा? दाजींना?"

"हाव. म्या तीनदा इचारलं, शिरा करू का, पेज करू का. न्हाई. पिझाच म्हणतेत. त्या दिवशी नांदेडला राहिला म्हणतेत."

आक्काला वाटलं रेंज गेली. ती हॅलो हॅलो करत राहिली.

दाजींचं लातुरात इस्त्रीचं दुकान आहे. घराच्या पुढच्या अंगाला पत्रा टाकून केलेलं, एका टेबलाचं. वीज कधीही जाते म्हणून त्यांनी कोळशाची इस्त्री सोडली नाही. बाभळीच्या कोळशाचं पोतं कायम दाराआड. इस्त्री तापली का हे बघायची त्यांची एक रीत होती. इस्त्री उचलायची आणि डाव्या गालाजवळ न्यायची, चार बोटांवर. गालाला धग कळली की पँट, नुसती ऊब कळली की साडी. तीस वर्षांत एक कपडा जाळला नाही, असं ते सांगत. आक्का म्हणे, एक जाळला, माझाच, आणि तो मुद्दाम.

त्याच डाव्या गालात ते तंबाखूची पुडी धरायचे. पहाटे दुकान उघडलं की पुडी, टेबल आवरलं की पुडी. तिथंच गाठ निघाली. लातूरच्याच एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग काढला आणि छातीवरची चामडी तिथं लावली. दोन महिने नाकातून नळी होती. नळी निघाली तेव्हा तोंडात जेमतेम आइस्क्रीमच्या चार काड्या मावत होत्या.

हे माप डॉक्टरांनीच दिलेलं. आइस्क्रीमच्या सपाट लाकडी काड्या एकावर एक रचायच्या आणि दातांच्या मधे सरकवून धरायच्या. आठवड्याला जमली तर एक काडी वाढवायची. माझी भाची त्याचा हिशेब कॅलेंडरवर ठेवायची. चार. पाच. पुन्हा चार. सहा. फोनवर आम्ही "तब्येत कशी आहे" असं विचारायचं सोडलंच होतं. "किती काड्या?" एवढंच विचारायचो. मी निघालो तेव्हा नऊ झाल्या होत्या.

नऊ काड्यांतून पेज जाते, मऊ भात जातो. पण दाजी चारचौघांत खाईनात. ओठाच्या कडेनं सांडायचं, लाळ आवरत नव्हती, खांद्यावर कायम एक पंचा. घरात कुणी आलं की ते उठून आत जायचे. आक्का आणि भाचीसमोरसुद्धा नाही. भिंतीकडं तोंड करून बसायचे, वाटी संपली की खाली ठेवायचे. हे तेच दाजी, ज्यांच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक अर्धी भाकरी खाल्ल्याशिवाय परत जात नसे. शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांबरोबर रोज चारचा चहा आणि भजी ठरलेली. ऑपरेशननंतरही चाचा रोज चारला फाटकाशी येत, "कैसे हैं?" विचारत, आणि आतून कुणी येत नाही म्हटल्यावर परत जात. पाच महिने.

डॉक्टरांनी आक्काला बजावलं होतं, औषधानं जखम भरेल, पण माणूस असा एकटाच भिंतीकडं बघून खायला लागला तर खाणं सुटतं. वजन उतरतच होतं. म्हणून तो पिझ्झा नुसती हौस नव्हती. दाजींनी पाच महिन्यांत तोंडानं मागितलेली ती पहिली वस्तू होती.

विकतचा आणायची सोय नव्हती. त्याच्या कडा जाड, आणि घरी येईपर्यंत तो चपलेसारखा होतो. आक्काकडं ओव्हन नाही, पण कोळसा आहे. मोबाइलवर कोळशाच्या जाळीवर पिझ्झा भाजणाऱ्या एका माणसाचा व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला. मग नांदेडला गच्चीवर सराव केला. पहिला जळला. दुसरा जाळीतून खाली गेला. तिसरा वरून कच्चा आणि खालून कोळसा. चौथा बरा झाला, तर बायको म्हणाली, "पेशंटला नेणार आहात ना? मग हा नका नेऊ." तरी पीठ तिनंच मळून दिलं. डबा मात्र मी निवडला.

आता त्या नांदेडच्या दिवसाचं सांगायला हवं. पुढं ढकलत आलो, पण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

ऑपरेशनच्या वर्षभर आधी भाचीचा बारावीचा निकाल लागला होता. सगळे आमच्याकडं आले होते आणि मी मामाच्या तोऱ्यात पिझ्झा खायला नेलं. दाजी टेबलाच्या कडेला. त्यांनी तुकडा उचलला, तोंडाशी नेला, तिरका केला, पुन्हा खाली ठेवला. मग बोटांनी त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि एकेक ओठांत सरकवू लागले. डोळ्यांत पाणी. "तिखट हाय," म्हणाले. त्या पिझ्झ्यावर तिखट नावाला नव्हतं.

मेहुण्यानं दाजींची चेष्टा करायची नाही तर कुणी करायची? मी भर दुकानात मोठ्यानं म्हणालो, "लातूरचा माणूस आणि पिझ्झ्याला रडतो! अन् असं टोकरताय काय दाजी, नवी नवरी सासरी पहिल्यांदा जेवायला बसल्यासारखं?"

सगळे हसले. दाजीही हसले, तोंड मिटून. मी फोटो काढला. त्यात आम्ही सगळे मोठे मोठे घास घेतोय, आणि त्यांच्यासमोर तुकड्यांचा ढीग. तो तसाच राहिला. घरी जाताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "पोटच भरलंय, वहिनी."

माझ्या वर्गात भिंतीवर एक तक्ता आहे. तंबाखूचे दुष्परिणाम. माझ्याच अक्षरात, लाल शाईनं. त्यात पहिलं लक्षण लिहिलंय, तोंड पूर्ण न उघडणे. दुसरं, साधं जेवणही तिखट लागणे. मुलांकडून मी ते पाठ करून घेतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "तोंड कधीपासून कमी उघडतंय?" आक्का म्हणाली, "कळलंच न्हाई ओ." मग डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. शिकलेला माणूस म्हणून. फोटो माझ्या खिशात होता, तारखेसकट. मी म्हणालो, "नक्की नाही सांगता येणार."

तर असा मी, पँटला पीठ लावून, लातूरला पोचलो.

दाजींनी दारातच हात जोडून जयभीम केला. केवढे बारीक झाले होते. मी सोबत एक ग्रिलही आणलं होतं, ऑनलाइन मागवलेलं, तीन पायांचं. जोडायला बसलो तर एका पायाचा स्क्रूच नव्हता. दाजी उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी ते माझ्या हातातून काढून भिंतीला टेकवून ठेवलं, आणि दुकानातून एक पसरट घमेलं आणि कूलरची जुनी जाळी आणली. जाळी आक्कानं चिंच लावून घासली.

कोळसा पेटवायचं काम मी करणार होतो. मी वाकून फुंकायला लागलो. घमेल्यातली सगळी राख माझ्या चष्म्यावर.

"आख्... आख अऊ ए," दाजी म्हणाले.

मी आक्काकडं पाहिलं. ते काय बोलतात हे फक्त तिलाच कळायचं.

"राख चढू दे म्हणतेत. फुंकू नगंस. कोळसा पांढरा झाला की मग."

दाजींनी त्यांची जुनी इस्त्री काढली, तिच्यात निखारे भरले, आणि मूठ धरून हात लांब करून ती मागं-पुढं झुलवायला लागले, दुकानात झुलवायचे तशी. वारा भरला, भोकांतून निखारे लाल दिसायला लागले. पाच महिन्यांत ती इस्त्री कुणी हातात घेतली नव्हती. मग त्यांनी सवयीनं ती डाव्या गालाजवळ नेली.

त्या गालाला आता काही कळत नाही. त्यांनी ती आणखी जवळ नेली. आणखी.

"आवो!" आक्का किंचाळली.

दाजी थांबले. इस्त्रीकडं पाहिलं. मग ती सावकाश डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि उजव्या गालाजवळ नेली, परक्या माणसाच्या गालाजवळ न्यावी तशी. मान हलवली. तापली. निखारे घमेल्यात ओतले. भाची आत जाऊन लाटणं घेऊन आली.

पिझ्झा किती जाड चालेल, हे तिनं आधीच ठरवलं होतं. तोंड नऊ काड्यांचं असलं तरी चावायला वर-खाली जागा लागते, म्हणून तीन काड्या. लाटताना तिनं पिठाच्या दोन्ही बाजूंना तीन तीन काड्या रचून ठेवल्या, म्हणजे लाटणं त्याखाली जाणार नाही. विज्ञानाचा मास्तर मी, पण डोकं तिचं. माझं लाटलेलं पीठ मात्र सारखं आखडून मागं येत होतं. शेवटी आक्का म्हणाली, "सरक. लेकरागत वढाताण करायलास." तिनं गोळा घेतला, हातावर थापला आणि जाळीवर टाकला.

मी सॉसची वाटी घेऊन तयार होतो. बिनतिखटाचा, नुसत्या टोमॅटोचा. व्हिडिओतला माणूस सांगत होता, बुडबुडे आले की चिमट्यानं फोडा. मी चिमटा शोधत होतो, तेवढ्यात आक्कानं ते उलटलं आणि फडक्याची चुंबळ करून कडा दाबायला लागली. ते टम्म फुगलं. चेंडूसारखं.

"फुगली!" आक्काचा चेहरा उजळला. "बघ कशी फुगली!"

"अगं, फुगायला नको होती! पिझ्झा आहे तो, भाकरी नाही!"

"फुगली न्हाई तर माणसानं खावं कशी? कच्ची ऱ्हाती."

"आता हिच्यावर चीज कुठं टाकू? घसरगुंडी झालीय तिची!"

भाची हसत सुटली. दाजींचा पंचा तोंडावर गेला, खांदे हलत होते. मी हताश होऊन ते फुगलेलं काढून ताटात ठेवलं. वाफ गेली. दाजी जवळ आले आणि त्यांनी त्याच्या कडेला नख लावलं. वरचा पापुद्रा अलगद सुटला. आजाऱ्याला, लहान लेकराला आपल्याकडं भाकरीचा पापुद्रा काढून देतात, तसाच. मऊ, कागदासारखा. तो त्यांनी माझ्यापुढं धरला आणि सॉसच्या वाटीकडं बोट केलं.

पापुद्र्यावर सॉस, त्यावर किसलेलं चीज. जाळीवर ठेवून वरून झाकायला गरम तवा हवा होता. आक्कानं तिचा लग्नातला तवा काढला, सरपणाच्या दिवसांतली काजळी बुडाला तशीच असलेला. दाजींनी तो निखाऱ्यांवर तापवला आणि सांडशीनं उचलून उलटा केला. काजळीवर ठिणग्यांची लाल रांग इकडून तिकडं पळाली, विझली, पुन्हा पळाली.

आक्का सवयीनं बोलून गेली, "तवा हसला गं बाई. पाव्हणे येणार."

तवा हसला की पाहुणा येतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गॅस आल्यापासून तवा हसलेला कुणी पाहिलाच नव्हता. पण त्या शब्दासरशी दाजींनी तवा पिझ्झ्यावर झाकला, सांडशी खाली ठेवली आणि पंचा सावरत उठले. पाहुणे येणार म्हणजे आत जायचं.

"दाजी," मी म्हणालो, "पाहुणा आलाय. मीच तो. बसा."

ते उभेच राहिले. मी त्यांचं मनगट धरलं. असं मी कधी धरलं नव्हतं, आमच्यात चेष्टा चालायची, हात धरणं नाही. ते बसले.

चीज वितळलं होतं. भाचीनं एक तुकडा कापला आणि शेजारी काड्या धरल्या. तीन. जरा कमीच. दाजींनी तुकडा घेतला. सवयीनं भिंतीकडं वळले. मग थांबले आणि परत आमच्याकडं वळले. तुकडा दुमडून उजव्या बाजूनं आत सरकवला. जबडा हळूहळू हलायला लागला. कडेनं सॉसचा थेंब आला, पंच्यानं टिपला. आम्ही तिघं कुठं बघावं ते न कळून त्यांच्याकडंच बघत होतो. केवढा वेळ. मग गळ्याची हालचाल झाली.

ते माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाले.

"काय?" आक्का म्हणाली. "काय म्हणलात?"

पुन्हा म्हणाले. "अई... अअई."

"पाणी का? दही? आई?" आक्काला पहिल्यांदाच कळत नव्हतं. "काय म्हणतेत रे?"

मला पहिल्याच वेळी कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चेष्टेची कड होती, आणि त्यांनी पदर सावरल्यासारखा पंचा डोक्यावर जरासा ओढला होता. म्हणजे दीड वर्ष ते लक्षात होतं त्यांच्या. पाणी म्हणतात, असं सांगून मला सुटता आलं असतं.

"नवी नवरी म्हणतायत," मी म्हणालो. "मी त्यांना म्हणालो होतो. नांदेडला, त्या दिवशी. तोंड तेव्हाच उघडत नव्हतं, आक्का. मी बघत होतो आणि हसत होतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं."

आक्का निखाऱ्यांकडं बघत राहिली. मग चिमट्यानं एक कोळसा उगीच इकडचा तिकडं केला.

"त्याच्या आधी सा म्हैने भाकरी दुधात कुस्करून खायलते," ती म्हणाली. "म्या म्हणायची, आत्ताच म्हातारे झाले का काय. दात गेले का काय तुमचे." थोडं थांबून, "म्या बी डाक्टरला कळलंच न्हाई म्हणले."

दाजींनी आमच्या दोघांकडं पाहिलं. मग ताट पुढं ओढलं आणि जाळीकडं बोट करून म्हणाले, "उअआ आ."

"दुसरा टाक म्हणतेत," आक्का म्हणाली, आणि डोळे पुसून गोळा थापायला लागली.

दुसरा फुगला तेव्हा फाटक वाजलं. चारची वेळ. चाचा. धूर बघून आज फाटकाशी न थांबता आत डोकं घातलेलं.

"क्या जला रैं भाभी? मोहल्लेमें बास आरी."

दाजी अर्धे उठले. गुडघ्यावर हात, पंचा तोंडावर. मग ते तसेच पुन्हा बसले आणि पंच्याच्या आडून, हातानं, शेजारची फरशी थोपटली.

चाचा येऊन बसले. त्यांना पापुद्रा काढून उरलेला, खालचा जाड भाग मिळाला. "ये क्या रे, मेरेकू भाकर, खुदकू पिज्झा?" ते म्हणाले, आणि दुसरीकडं तोंड करून बराच वेळ नाक पुसत बसले. दाजींनी त्या दिवशी दीड पापुद्रा खाल्ला. नंतर भिंतीकडं तोंड करून ते कधी जेवले नाहीत, असं आक्का सांगते. अकरा काड्यांपर्यंत गेले.

बाराव्या काडीपर्यंत जाता आलं नाही. पावसाळ्यात गाठ मानेत आली आणि दिवाळीच्या आत दाजी गेले.

मधे मी लातूरला गेलो होतो. आक्का आता गॅसवर भाकऱ्या करते, तवा काही हसत नाही. चाचा चारला येतात. भाकरी फुगली की ती कडेला नख लावते, पापुद्रा सोडवते आणि ताटाच्या काठावर वेगळा ठेवते. मग तिच्या लक्षात येतं. मग आमच्यापैकी कुणीतरी तो खातं.